काश्मीरला गाडी काढण्याआधी

डिसेंबर उजाडला की कळंबोली आणि वाशीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांतून श्रीनगरची भाडी निघतात. जाताना औषधं, रंग, टायर, यंत्रांचे सुटे भाग आणि येताना कोल्ड स्टोरेजमधलं सफरचंद. भाडं बरं सुटतं, म्हणून कसारा आणि खंडाळा तोंडपाठ असलेला ड्रायव्हर पहिल्यांदाच होकार देतो. त्याच्यासाठी, त्याच्या क्लीनरसाठी आणि गाडीच्या मालकासाठी हे लिहितोय. यातली बहुतेक कामं मुंबईतच, निघण्याच्या आठवडाभर आधी उरकायची आहेत. जम्मू-उधमपूरला सगळं मिळतं, पण तिथे पोचल्यावर रस्ता सुटायची घाई असते आणि घाईत गाडी बघून होत नाही.

रस्त्यावरच्या बर्फाची चौकशी सगळेच करतात, गाडीतल्या बर्फाची कुणी करत नाही. मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या गाडीत जागोजागी पाणी असतं. हवेच्या टाक्यांत, डिझेलच्या टाकीच्या तळाशी, रेडिएटरमध्ये, वायपरच्या बाटलीत, दरवाज्याच्या कुलपात. इथे ते वर्षानुवर्षं मुकाट राहतं. जम्मू-श्रीनगर रस्त्यावरच्या बनिहालच्या पुढे रात्री पारा शून्याखाली उतरला की तेच पाणी गोठतं आणि ब्रेक किंवा इंजिन धरतं. तेव्हा तयारी सुरू करायची ती हे पाणी शोधण्यापासून.

सर्वांत आधी ब्रेक. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना गुटके लावा आणि हवेच्या प्रत्येक टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा. मुंबईतल्या गाडीतून आधी फुसकन हवा सुटते, मग पांढुरकं, तेलकट पाणी येतं. कधी कधी पेलाभर. हेच पाणी पुढे ब्रेकच्या लायनीत आणि व्हॉल्व्हमध्ये जाऊन गोठलं तर पायाखाली पेडल असतं, पण चाकापर्यंत हवा पोचत नाही. तळाला थेंबभरही राहणार नाही इतकं काढा. टाक्या कोरड्या करूनही दोन दिवसांत पुन्हा पाणी दिसलं, तर एअर ड्रायरचं काडतूस, म्हणजे हवेतलं पाणी शोषणारा भाग, संपलंय. ते बदलल्याशिवाय गाडी काढू नका. वाटेत जम्मूपासून पुढे रोज संध्याकाळी, गाडी गरम असतानाच, टाक्या रिकाम्या करायच्या. सकाळी करू म्हटलं तर व्हॉल्व्हच गोठलेला असतो. लायनीत स्पिरिट ओतण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने रबरी सील खराब होतात.

आता डिझेल. थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होतं आणि फिल्टर तुंबतो. गाडी सुरू होते, थोडी चालते आणि चढावर दम सोडते. भारतीय मानकात हिवाळी डिझेलसाठी अट एवढीच आहे की ते 6 अंश सेल्सिअसपर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे. उन्हाळी डिझेलला ती मर्यादा 18 अंश आहे. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं, यावरून फरक लक्षात यावा. म्हणून मुंबई-गुजरातचं डिझेल टाकीत भरून काश्मीरला नेऊ नका. पंजाबात शिरेपर्यंत टाकी उतरू द्या, पठाणकोट-जम्मूला भरा आणि खोऱ्यात पोचल्यावर तिथल्या पंपावर पुन्हा भरा. रात्री टाकी भरलेली ठेवा, कारण रिकाम्या जागेतल्या हवेचंच पाणी होऊन तळाशी बसतं. डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर निघण्यापूर्वी काढून साफ करा आणि डिझेल फिल्टरचा एक जादा संच, तो बदलायच्या पान्यासकट, केबिनमध्ये ठेवा. रॉकेल मिसळू नका. बीएस-6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या, गाडीचा पंप त्याने कायमचा खराब होतो. आणि टाकीखाली चिंध्या पेटवून डिझेल पातळ करताना कुणी दिसला तर आपली गाडी त्याच्यापासून लांब घ्या. तुमच्यावर वेळ आली तर फिल्टरवर गरम पाण्याने भिजवलेलं फडकं गुंडाळा आणि ऊन येईपर्यंत थांबा.

बीएस-6 गाडीतलं धूर साफ करणारं युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, उणे 11 अंशांना गोठतं. ते वितळवायची सोय गाडीत असते, त्यामुळे घाबरू नका. टाकी काठोकाठ भरू नका आणि त्यात गरम पाणी ओतू नका, इतकं पुरे.

रेडिएटरबद्दल मात्र मला हात जोडून सांगायचंय. मे महिन्यात घाटात गाडी तापली की आपण हाताशी असेल ते पाणी ओततो, मग आणखी एकदा, मग पुन्हा. डिसेंबरपर्यंत आत कूलंट किती आणि नळाचं पाणी किती हे कुणालाच ठाऊक नसतं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि त्या जोराने इंजिनाचा ब्लॉक तडकतो. एका रात्रीत लाखाचं काम. सगळं काढून टाका, आतून धुवा आणि गाडीच्या कंपनीने सांगितलेलं कूलंट निम्मं व शुद्ध पाणी निम्मं असं भरा. हे मिश्रण उणे 35 च्याही खाली टिकतं. पाच लिटर तयार मिश्रण सोबत घ्या, म्हणजे वाटेत पुन्हा नळाकडे जावं लागणार नाही.

बॅटऱ्या इथल्या उकाड्यात खोटं बोलतात. सकाळी पहिल्या सेल्फला गाडी उठते, म्हणून त्या बऱ्या वाटतात. थंडीत त्यांची ताकद उतरते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल सेल्फवर जास्त जोर टाकतं. दोन्ही बॅटऱ्यांची लोड टेस्ट करून घ्या; एक कमजोर निघाली तर दोन्ही बदला. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे आठ-दहा अंशांतही गोठून फुटू शकते. वायपरच्या बाटलीतलं साधं पाणी काढून टाका, त्यात न गोठणारं वॉशर लिक्विड भरा. रात्री वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी टाकू नका, काच तडकते. दरवाज्याच्या रबराला ग्रीस लावा.

टायरकडे येतो. पुढे आणि ड्राइव्हच्या, म्हणजे इंजिन फिरवतं त्या, चाकांना सर्वांत चांगली नक्षी असलेले टायर हवेत. गुळगुळीत किंवा रिमोल्ड (जुन्यावर नवा थर चढवलेले) टायर ड्राइव्हला ठेवून काश्मीर करू नका, पैसे कितीही वाचत असले तरी. हवेचा हिशेबही वेगळा होतो. मुंबईत 32 अंशांना 110 पीएसआय भरलेली हवा उणे 5 ला जवळपास 95 वर येते. म्हणून जम्मूला आणि मग खोऱ्यात, सकाळी टायर थंड असताना, पुन्हा मोजून भरा. पकड मिळावी म्हणून हवा मुद्दाम कमी करू नका. भरलेल्या ट्रकचा टायर त्याने आतून फाटतो.

बर्फावर पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या टायरच्या मापाच्याच घ्या. टायरवर लिहिलेलं माप कागदावर उतरवून दुकानात जा. जोडी ड्राइव्हच्या चाकांसाठी. जुळ्या चाकात बाहेरच्या टायरला लावायची, किंवा दोन्ही टायर झाकणारी रुंद साखळी मिळाली तर उत्तम. आणि निघण्यापूर्वी कळंबोलीच्या यार्डात ड्रायव्हर-क्लीनरने मिळून ती दोनदा लावून-काढून बघायची, त्यातली एक वेळ अंधारात, हातमोजे घालून. साखळी जमिनीवर पसरवून पीळ काढायचा, हुकांची टोकं टायरपासून बाहेरच्या बाजूला येतील अशी ती टायरवर टाकायची, गाडी थोडी पुढे घ्यायची, आतला हुक आधी, बाहेरचा मग. ताण दिल्यावर शंभर-दोनशे मीटर चालवायचं आणि पुन्हा कसायचं. पहिल्यांदा अर्धा-पाऊण तास जातो. बनिहालच्या वाऱ्यात पहिल्यांदा शिकायला गेलात तर बोटं साथ देत नाहीत. साखळी चढ लागायच्या आधी सपाटीवर लावा, तिच्यावर ताशी 30 च्या पुढे जाऊ नका आणि कोरडं डांबर लागलं की काढा. सोबत फावडं, चार रिकामी बारदानं, दोन गोणी कोरडी रेती, टो करायचा मजबूत दोर आणि चार लाकडी गुटके.

माल भरताना पाठवणाऱ्याला एक प्रश्न विचारा: गोठलं तर चालेल का? पाण्यात मिसळणारे रंग आणि काही औषधं एकदा गोठली की वाया जातात. असा माल असेल तर बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) तसं लिहून घ्या, म्हणजे उद्या नुकसानीचं बिल ड्रायव्हरच्या नावावर फाटणार नाही. वजन ड्राइव्हच्या धुऱ्यावर नीट बसलेलं असू द्या. रिकामी गाडी बर्फावर भरलेल्या गाडीपेक्षा लवकर घसरते, त्यामुळे माल उतरवून रिकामं फिरताना जास्त जपायचं. ताडपत्रीवर साठलेला बर्फ निघण्यापूर्वी पाडा. चालत्या गाडीवरून त्याची लादी सुटली तर मागच्याच्या काचेत जाते.

केबिनमध्ये चपला नकोत. जाड तळाचे बूट, लोकरीच्या मोज्यांच्या दोन कोरड्या जोड्या, कानटोपी, कामाचे आणि ऊब देणारे असे वेगवेगळे हातमोजे. घामाने भिजलेला सुती बनियन थंडी आत ओढतो, तेव्हा आतून लोकरीचं किंवा थर्मल. प्रत्येकी दोन जाड ब्लँकेटं. तीन-चार दिवस रांगेत अडकलात तरी पुरेल इतकं कोरडं खाणं: चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, गूळ, खजूर. थर्मास. पाण्याच्या बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या. इन्सुलिन घेत असाल तर ते अंगाजवळ ठेवा, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

आणि हे क्लीनरला समोर बसवून सांगा. काचा बंद करून केबिनमध्ये शेगडी, स्टोव्ह किंवा कांगडी (काश्मिरी निखाऱ्यांचं भांडं) पेटवायची नाही. कितीही थंडी असो. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, आणि बर्फ पडत असेल तर सायलेन्सरचं तोंड बर्फाखाली गेलेलं नाही हे बघितल्याशिवाय इंजिन सुरूच करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. डोकं दुखायला लागलं की दार उघडून खाली उतरा. ब्लँकेटांवर खर्च करा, दोघांची झोप त्यांच्याच जोरावर काढा.

रस्त्याबद्दल. 2017 मध्ये चेनानी-नाशरी बोगदा झाला आणि पटनीटॉपचा चढ टळला. 2021 मध्ये बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला, जो जुन्या जवाहर बोगद्याच्या सुमारे 400 मीटर खालून जातो. रस्ता पूर्वीपेक्षा खूप सोपा झालाय. पण रामबन ते बनिहाल पट्ट्यात दरड आणि दगड अजूनही येतात, आणि बोगद्यातला कोरडा रस्ता संपून तोंडाशी एकदम बर्फ लागतो. बोगदा संपण्याआधीच वेग उतरवा. 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना काश्मिरी लोक चिल्ले कलान म्हणतात, ती सर्वांत कडक थंडी. त्या दिवसांत सकाळी सावलीतल्या वळणांवर, पुलांवर आणि झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं तिथे डांबर नुसतं ओलं दिसतं आणि तो बर्फ असतो. समोरच्या गाडीच्या टायरांवरून पाणी उडत नसेल आणि रस्ता तरी चमकत असेल, तर बर्फ समजा.

ज्या गिअरला घाट चढायचा त्याच गिअरला उतरायचा, हे आपल्याला कसाऱ्याने शिकवलंय. इथे त्याहून एक गिअर खाली. न्यूट्रल विसरा. बर्फावर एग्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग उतरवणारा) बंद ठेवा, कारण तो फक्त मागच्या चाकांना धरतो आणि हौदा आडवा फिरतो. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक नाही. बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं, त्या हिशेबाने पुढच्या गाडीपासून लांब राहा. घसरलीच तर पाय ब्रेकवरून काढा, क्लच दाबा, जिकडे जायचंय तिकडे नजर आणि स्टिअरिंग ठेवा. रात्री थांबायच्या आधी अर्धा किलोमीटर हलका ब्रेक देत लायनर वाळवा, नाहीतर सकाळी ते ड्रमला चिकटलेले असतात. जागा अगदी सपाट असेल तर गिअर आणि गुटक्यांवर उभी करा. उतार असेल तर हँडब्रेक हवाच. दरड किंवा हिमस्खलनाची पाटी असेल तिथे चहालाही थांबू नका.

अवजड गाड्या कोणत्या दिशेने सोडायच्या हे जम्मू-काश्मीर ट्रॅफिक पोलीस रोज जाहीर करतात. ते बघितल्याशिवाय उधमपूर सोडू नका. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, म्हणून गाडीत एक पोस्टपेड सिम इथूनच घेऊन जा आणि घरी, मालकाला, माल घेणाऱ्याला तोच नंबर द्या.

मालकांना वेगळं सांगतो. 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात उधमपूरजवळ रस्ता खचला, तेव्हा सफरचंदाचे ट्रक कित्येक दिवस अडकून पडले. हिवाळ्यात अडकलेल्या गाडीतला माणूस तशाच रांगेत रात्रभर कुडकुडत बसतो. त्याला तासातासाला फोन करून "कुठवर आलास?" विचारलं की तो अंधारात गाडी काढतो. थांबलेल्या दिवसाची खोराकी आणि भत्ता किती, खोळंब्याचे पैसे पार्टीकडून किती घ्यायचे, हे निघण्यापूर्वी ठरवून कागदावर लिहा. रस्ता बरा नाही असं ड्रायव्हर म्हणाला तर गाडी उभी राहील, हेही त्याच कागदावर लिहा, खाली सही करा आणि कागद त्याच्याकडे द्या.