शब्दाचा माग कसा काढावा : ‘रेकी’ या लष्करी शब्दाच्या निमित्ताने

ठाण्यातील घरफोडीच्या बातमीत ‘आरोपींनी आधी इमारतीची रेकी केली होती’ हे वाक्य आता इतके सवयीचे झाले आहे की त्यातला मुख्य शब्द लष्करातून आला आहे, याकडे वाचकाचे लक्षही जात नाही. घोडबंदर रस्त्यावर मालिकांचे चित्रीकरण करणारी मंडळी बंगला पसंत करण्यापूर्वी त्याची रेकी करतात, आणि माहुली किंवा गोरखगडाची मोहीम आखणारा गिर्यारोहक पावसाळ्यानंतर वाट शाबूत आहे का हे पाहायला एकदा रेकी करून येतो. चोर, छायाचित्रणकार आणि गिर्यारोहक या तिघांच्या तोंडी एकच शब्द कसा आला आणि येताना त्याचा अर्थ कोठे कोठे वळला, हे शोधण्याची एक रीत आहे. ती कोणत्याही शब्दाला लागू पडते. येथे ती ‘रेकी’वर चालवून दाखवतो.

पहिले काम कोशाकडे धाव घेण्याचे नसून वापर गोळा करण्याचे आहे. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य एका चिठ्ठीवर जसेच्या तसे उतरवून घ्यावे आणि त्याखाली तारीख, ठिकाण, बोलणारा किंवा लिहिणारा कोण, आणि ती क्रिया कोणी कोणाविरुद्ध किंवा कशासाठी केली, एवढे लिहावे. यातली शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात, आणि अर्थाचा खरा पत्ता नेमका तिथेच असतो. ‘रेकी’च्या दहा-पंधरा चिठ्ठ्या जमल्या की त्यांचे गठ्ठे आपोआप पडू लागतात. एका गठ्ठ्यात कर्ता गुन्हेगार असतो, दुसऱ्यात पोलीस किंवा जवान, तिसऱ्यात चित्रीकरणाचा चमू, चौथ्यात डोंगरवाटा धुंडाळणारा. अर्थ ठरवण्याची घाई या टप्प्यावर करू नये.

चिठ्ठ्या जमवताना एक गफलत हमखास होते. देवनागरीत ‘रेकी’ असा शोध घेतला तर निम्म्याहून अधिक वेळा हाताच्या स्पर्शाने उपचार करण्याची जपानी पद्धत समोर येते. तो शब्द पूर्णपणे वेगळा आहे. मिकाओ उसुई यांनी १९२२च्या सुमारास जपानमध्ये रूढ केलेल्या त्या पद्धतीचे नाव ‘रेइ’ आणि ‘की’ या दोन जपानी घटकांचे बनले आहे, आणि मराठीत येताना त्याचा उच्चार लष्करी शब्दाशी योगायोगाने जुळला, इतकेच. अशा जुळ्या रूपांना एका नोंदीत कधीही कोंबू नये. शोध घेताना ‘रेकी केली’, ‘रेकी करून’, ‘रेकीसाठी आले’ अशी क्रियापदासह रूपे वापरावीत. उपचारपद्धतीच्या बाबतीत ‘रेकी दिली’, ‘रेकी घेतली’ असे म्हणतात, त्यामुळे क्रियापद बदलताच दोन्ही शब्द बऱ्याच अंशी वेगळे होतात.

यानंतर शब्द कानाने आला की डोळ्याने, हे ठरवावे. इंग्रजीतील मूळ लेखन (recce) डोळ्यांनी वाचून तो मराठीत आला असता, तर कोणी ‘रेस’ म्हणाले असते, कोणी ‘रेक्के’. प्रत्यक्षात सर्वत्र ‘रेकी’ हेच रूप मिळते आणि ते ब्रिटिश सैन्यातील उच्चाराशी तंतोतंत जुळते. अमेरिकी सैन्यात ‘रिकॉनिसन्स’ या याच मूळ शब्दाचे संक्षिप्त रूप ‘रीकॉन’ असे झाले आणि ते १९१८पासून आढळते. मराठीने ते घेतले नाही. म्हणजे शब्द ब्रिटिश परंपरेतल्या आणि तिच्या वारशाने भारतीय लष्कराच्या बोलीतून ऐकून आला, असे रूपावरूनच म्हणता येते. लिंगही पाहावे. ‘रेकी’ मराठीत स्त्रीलिंगी झाली, कारण ती ईकारान्त आहे आणि तिच्या अवतीभवती ‘टेहळणी’, ‘पाहणी’, ‘हेरगिरी’ या सगळ्या स्त्रीलिंगीच आहेत.

आता कोश उघडावेत, पण कोशाचे साल आधी पाहावे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये आला आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७मध्ये. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. इंग्रजीत ‘रेकी’ हे संक्षिप्त रूप १९४१पासून नोंदले गेले आहे. ब्रिटिश सैन्याने टेहळणीसाठी स्वतंत्र दल उभारले तेही त्याच वर्षी. तेव्हा या दोन्ही मराठी कोशांत हा अर्थ मिळण्याची शक्यताच नाही, आणि तेथे शब्द नाही म्हणून तो अस्सल मराठी नाही, किंवा अगदी कालचा आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कोशातील अनुपस्थिती हा पुरावा असतो, परंतु तो कोशाच्या सालापुरताच. ठाण्यात राहणाऱ्याला यासाठी दूर जावे लागत नाही, कारण १८९३मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय आपल्याच शहरात आहे. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे आता संगणकावरही शोधता येतात, मात्र छापील पान उघडले की शेजारचे शब्दही दिसतात, आणि मागोवा घेणाऱ्याला अनेकदा शेजारचा शब्दच वाट दाखवतो.

जुन्या वृत्तपत्रांच्या बाबतीतही असाच विवेक ठेवावा. युनिकोड ही संगणकावरील अक्षरांची समान पद्धत रुळण्यापूर्वी मराठी दैनिके आपापले स्वतंत्र फाँट वापरत होती, आणि त्या काळचा मजकूर आजच्या शोधयंत्राला सापडत नाही. संगणकावर सर्वांत जुना आढळलेला वापर म्हणजे पहिला वापर नव्हे. डेव्हिड हेडलीला २००९मध्ये अमेरिकेत अटक झाल्यानंतर, मुंबईवरील हल्ल्यापूर्वी त्याने केलेल्या रेकीचा उल्लेख मराठी बातम्यांत वारंवार येत राहिला, हे सहज दाखवता येते. शब्द तेव्हाच मराठीत आला, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. त्याआधीचा वापर शोधण्यासाठी वृत्तपत्रांच्या बांधीव फायली चाळाव्या लागतात, आणि या कामाला पर्याय नाही.

मूळ भाषेत मागे जाताना पायऱ्या गाळू नयेत. ‘रेकी’ हे इंग्रजी ‘रिकॉनिसन्स’चे लष्करी छावणीतले आटोपशीर रूप आहे. ‘रिकॉनिसन्स’ इंग्रजीत १८१०च्या सुमारास, म्हणजे नेपोलियनशी युद्धे चालू असताना, फ्रेंचमधून आला. त्याचे क्रियापद ‘रेकनॉयटर’ मात्र शंभर वर्षे आधी, १७०७पासून इंग्रजीत आढळते आणि त्यात जुन्या फ्रेंच उच्चाराच्या खुणा अजून शिल्लक आहेत. फ्रेंचमध्ये ‘रकोनेसाँस’चा अर्थ ओळखणे, मान्यता देणे आणि कृतज्ञता असाही होतो; शत्रूचा मुलूख पाहून येणे हा त्यातला केवळ एक पदर. त्याच्या मागे लॅटिन ‘रेकॉग्नोस्केरे’ आहे, म्हणजे पुन्हा ओळखणे, नीट जाणून घेणे. या लॅटिन शब्दातला ‘ग्नो’ आणि संस्कृतातला ‘ज्ञा’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत, आणि ‘ज्ञा’पासूनच आपले ‘जाणणे’ झाले. ठाण्याच्या पोलीस पत्रकातली ‘रेकी’ आणि ज्ञानेश्वरांच्या नावातले ‘ज्ञान’ यांचे नाते असे जुळते. हे नाते गोत्राचे आहे, उसनवारीचे नाही. नोंदीत हा भेद स्पष्ट लिहावा, अन्यथा ‘रेकी संस्कृतातून गेली’ असा चुकीचा समज पसरायला वेळ लागत नाही.

लोकव्युत्पत्तीचा, म्हणजे नुसत्या ध्वनिसाम्यावरून शब्दाचे मूळ ठरवण्याचा, धोका येथे प्रत्यक्ष दिसतो. ‘रेकी म्हणजे जागेचा आराखडा रेखून आणणे, म्हणून ती रेखेवरून आली’ असे स्पष्टीकरण ऐकायला पटण्याजोगे वाटते. ते तपासण्यासाठी तीन गोष्टी विचाराव्यात. ‘रेखी’ असे रूप या अर्थाने जुन्या मराठी लेखनात कोठे आहे का? आपली ‘रेखा’ बोलीत ‘रेघ’ झाली, म्हणजे ‘ख’चा ‘घ’ झाला. मग याच एका शब्दात ‘ख’चा ‘क’ का व्हावा? आणि रेखण्याची क्रिया ज्यात मुळीच नाही, अशा रेकीलाही आपण रेकीच का म्हणतो? तिन्ही ठिकाणी हे स्पष्टीकरण अडते. व्युत्पत्ती गोड वाटते तेव्हा ती दुप्पट कठोरपणे तपासावी.

अनुमानाच्या बाबतीतही हीच शिस्त हवी. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी आफ्रिकेत आणि इटलीत लढल्या, त्या आघाड्यांवर टेहळणीची कामे रोजची होती, तेव्हा परतलेल्या जवानांनी हा शब्द गावी आणला असेल, ही कल्पना आकर्षक आहे. त्या काळातले एखादे मराठी पत्र, रोजनिशी किंवा आठवण हाती लागेपर्यंत ती नोंदीच्या मुख्य भागात लिहू नये. समासात ‘तपासावे’ अशा खुणेसह ठेवावी.

सर्वांत रसाळ काम यापुढे आहे, आणि ते म्हणजे शब्दाच्या भाऊबंदांकडे पाहणे. शत्रूची खबर काढणाऱ्या माणसाला निरनिराळ्या भाषांनी निरनिराळ्या इंद्रियांवरून ओळखले आहे. आपला ‘हेर’ हा हेरणारा, म्हणजे पाहणारा, संस्कृतातील ‘चर’ हा चालणारा, फिरणारा, अरबी ‘जासूस’च्या धातूचा अर्थ हाताने चाचपून पाहणे असा आहे, आणि इंग्रजी ‘स्काऊट’ हा जुन्या फ्रेंचमधील ऐकणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे, ज्याच्या लॅटिन मुळापासूनच डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात त्या तपासणीचे इंग्रजी नाव झाले. स्काऊटचा अर्थही पुढे वळला. बेडन-पॉवेल यांनी १९०७-०८मध्ये मुलांसाठी चळवळ उभारली तेव्हा युद्धातला टेहळ्या शाळेतला खाकी गणवेशातला मुलगा झाला, आणि मराठीत त्याला ‘बालवीर’ म्हणू लागले. त्या नावात ऐकणेही नाही आणि टेहळणेही नाही.

आपल्या जुन्या शब्दांची वळणे याहून लक्षवेधी आहेत. अरबी-फारसीतला ‘जासूस’ मराठी कागदपत्रांत ‘जासूद’ झाला आणि पेशवेकालीन पत्रांत तो पुष्कळदा साधा पत्र पोहोचवणारा असतो; ‘जासूद जोडी’ पाठवली, म्हणजे दोन निरोपे धाडले. ‘बातमी’चे तर पुरते स्थित्यंतर झाले. आज ती वृत्तपत्रात छापून सर्वांना कळते. पूर्वी ती शत्रूच्या गोटातून काढून आणावी लागे आणि गुप्त राखावी लागे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या सभासद बखरीत बहिर्जी सुरतेची खबर घेऊन येतो, तेव्हा तो जे काम करतो त्याला त्या काळी बातमी काढणे म्हणत. मराठ्यांनी १७३७मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला आणि पुढे वसईची मोहीम चालवली, त्या काळची पत्रे १९३० ते १९३४ या काळात निघालेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांत आहेत. शब्दांचा माग घेणाऱ्याने ती मुद्दाम वाचावीत, कारण त्यांतली गावे आणि खाड्या आपल्या पायाखालच्या आहेत. जुना अर्थ अगदीच गेला आहे असेही नाही. वृत्तपत्राचा बातमीदार आणि पोलिसांच्या निवेदनातील ‘गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या बातमीनुसार’ यातला बातमीदार, हे आज एकाच पानावर शेजारी शेजारी नांदतात. असा अवशेष सापडला की तो ठळकपणे नोंदवावा, कारण अर्थ बदलतो तेव्हा जुना अर्थ एखाद्या व्यवसायाच्या भाषेत टिकून राहतो.

आता नव्या शब्दाने काय दिले, हे ठरवण्यासाठी अदलाबदलीची कसोटी लावावी. जमवलेल्या प्रत्येक वाक्यात ‘रेकी’ काढून तिथे ‘टेहळणी’, ‘पाळत’ आणि ‘पाहणी’ घालून पाहावी. ‘आयुक्तांनी नालेसफाईची पाहणी केली’ येथे ‘रेकी’ घातली तर वाक्य संशयास्पद होते, कारण पाहणी उघड आणि अधिकाराने होते. ‘पाळत’ माणसावर ठेवतात, रेकी मात्र जागेची असते. एखाद्याची रेकी केली असे लिहिले जाते तेव्हाही त्याच्या येण्याजाण्याच्या वाटा आणि वेळा अभिप्रेत असतात. ‘टेहळणी’ तर रेकीची सख्खी बहीण वाटते, पण बुरुजावरची टेहळणी रात्रंदिवस चालते आणि तिच्यामागे ठरलेली कृती असावीच लागते असे नाही. रेकी नेमक्या कृतीच्या आधी होते, जाऊन परत येणे तिच्यात गृहीत असते, आणि कृती घडली की ती संपते. चोरी, चित्रीकरण आणि चढाई या तिन्ही ठिकाणी हाच गाभा कायम आहे. बदलला तो हेतूचा रंग. माझ्या मते हा शब्द मराठीत टिकला त्याचे कारण हेच आहे. त्याने ‘टेहळणी’ची जागा बळकावली नाही, रिकामी असलेली एक जागा भरली. म्हणून सरसकट सर्व रेकींना टेहळणी करून टाकण्याचा आग्रह मला अचूक वाटत नाही. संरक्षणविषयक लेखनात विमान किंवा नौका सतत लक्ष ठेवते तेव्हा ‘टेहळणी’च हवी, पण गडाची वाट आधी पाहून येणाऱ्याने ‘रेकी’ म्हटले तर तो योग्य शब्द वापरत आहे.

इतके झाल्यावर नोंद लिहावी. ती काहीशी अशी होईल : ‘रेकी, स्त्रीलिंगी. ब्रिटिश लष्करी बोलीतील संक्षेप, इंग्रजीत १९४१पासून. पूर्वरूप फ्रेंच रकोनेसाँस, मूळ लॅटिन. एक, लष्करी : कारवाईपूर्वी मुलूख व शत्रूची स्थिती पाहून येणे. दोन, गुन्हेविषयक : गुन्ह्यापूर्वी जागा, वाटा व वेळा हेरून ठेवणे. तीन, चित्रीकरण : स्थळ आधी पाहून येणे. चार, गिर्यारोहण : मोहिमेपूर्वी वाट तपासणे. जपानी उपचारपद्धतीचे नाव वेगळे.’ प्रत्येक अर्थाखाली आपल्याकडचे सर्वांत जुने वाक्य तारखेसह द्यावे आणि त्याला ‘पहिला वापर’ न म्हणता ‘आढळलेला वापर’ म्हणावे. त्याहून जुने वाक्य मिळाले तर आधीचे खोडू नये. त्याच्या वर नवे लिहावे आणि दोन्हींसमोर कोठे सापडले ते टिपावे. ड्रोन उडवून केलेल्या पाहणीलाही रेकी म्हणतात. तेथे माणूस जाऊन परत येत नाही, यंत्र येते, तेव्हा ती वाक्ये सध्या वेगळ्या गठ्ठ्यात ठेवावीत आणि पुरेशी जमल्यावरच त्यांना पाचवा अर्थ द्यायचा की पहिल्या दोन अर्थांत सामावायचे, हे ठरवावे.