नवी गाडी फार जपताय? रनिंग-इनमधल्या या चुका टाळा

नवी गाडी घेतली की सल्ला ठरलेला: "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका." रनिंग-इनसाठी, म्हणजे इंजिनचे नवे भाग एकमेकांशी जुळण्याच्या काळासाठी, हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. इंजिनला त्रास होतो तो गाडीच्या वेगाने कमी, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) आणि लोडने (त्याच्यावर पडणाऱ्या भाराने) जास्त. टॉप गिअरमध्ये चाळीसने रडतरखडत गाडी ओढणं हा तर इंजिनवर अत्याचारच. स्टिअरिंगला थरथर जाणवली की मुकाट्याने खालचा गिअर टाका.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्यांत ऑइल धरून राहतं आणि त्यांच्यावर घासत पिस्टन रिंगा (पिस्टनभोवतीच्या धातूच्या कड्या) भिंतीशी जुळतात. रिंगांना भिंतीवर दाबतो तो मुख्यतः जळलेल्या वायूचा दाब. अॅक्सिलरेटरला नुसता पाय टेकवून चालवलं तर हा दाब कमी पडतो. रिंगा नीट बसल्या नाहीत, की गाडी कायमची ऑइल प्यायला लागते. म्हणून इंजिन गरम झाल्यावर मध्यम जोर द्या, मग पाय काढून गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्या. हायवेवर तासन्‌तास एकच वेग धरू नका, क्रूझ कंट्रोल तर विसराच.

उलटी चूकही होतेच: मित्रांना पिकअप दाखवायचा म्हणून पॅडल तळापर्यंत दाबणं. आरपीएमची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, ती पाळा. तिथे आकडा नसेल तर पेट्रोल गाडी साधारण ४,००० च्या आणि डिझेल ३,००० च्या आत ठेवा. ट्रेलर ओढायचं काम नंतर.

सकाळी दहा मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवणंही नको. अर्ध्या-एक मिनिटात निघा आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर येईपर्यंत हळू चालवा.

सुरुवातीला अॅव्हरेज कमी मिळालं किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत एक्झॉस्टकडून हलका जळका वास आला, तर घाबरू नका. वास येतो तो भागांवरचा संरक्षक थर जळत असतो म्हणून. मात्र डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) अधूनमधून पाहा: गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. या काळात ऑइल थोडं उतरणं नेहमीचं आहे. रनिंग-इन संपल्यावरही ते झपाट्याने उतरत असेल किंवा निळसर धूर येत असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नका. ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच थांबवून इंजिन बंद करा.