पोत्यापासून मागे मोजा: सॅटिस्फॅक्टरीत कारखाना लावताना

साखर कारखान्यात गाळप संपलं की माझ्यासारख्या मिल हाऊसमधल्या माणसाची झोप उडते. पाच महिने यंत्रांच्या धडधडीत झोपायची सवय झालेली असते, आणि एकदम सगळं गप्प होतं. अशाच एका एप्रिलात भाचा पुण्याहून पलूसला आला आणि माझ्या लॅपटॉपवर सॅटिस्फॅक्टरी हा खेळ लावून देऊन गेला. "मामा, यात बी कारखानाच चालवायचाय. पर ओव्हरहॉलिंग न्हाई, पाळी न्हाई. बगा तरी," म्हणाला. तेव्हापासून मंडळींच्या भाषेत मी दिवसा खरा आणि रात्री खोटा कारखाना चालवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. स्वीडनच्या कॉफी स्टेन स्टुडिओजचा हा खेळ. मार्च २०१९ मध्ये अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आला आणि १० सप्टेंबर २०२४ ला पूर्ण झाला. उजाड ग्रह माणसाला राहण्याजोगा करायचा, तिथे हवा-पाणी आणायचं, असे खेळ वेगळे. इथे ग्रह आयताच हिरवागार मिळतो, आणि आपण पहिलं काम काय करतो तर त्याचा पाला आणि लाकूड तोडून जाळतो, वीज करायला. ते असो. खाण, भट्टी, यंत्र, बेल्ट, वीज यांचा हिशेब दोन्हीकडे सारखाच लागतो.

मी जी चूक केली ती बहुतेक सगळे करतात: लोखंडाची खाण दिसली की मायनर (खोदणारं यंत्र) टाकायचा, पुढे स्मेल्टर (भट्टी), पुढे कन्स्ट्रक्टर (एका मालाचा दुसरा माल करणारं यंत्र), आणि माल जाईल तिकडे जाऊ द्यायचा. आमच्याकडे असं कोणी करत नाही. रोज किती पोती बाहेर काढायची ते आधी ठरतं, त्यावरून किती टन गाळायचं, त्यावरून किती तोडणी टोळ्या लावायच्या. टोळ्या आधी लावल्या तर केन यार्डात ट्रॅक्टरांची रांग लागते, ऊस वाळतो आणि वजन घटतं. कमी लावल्या तर गव्हाण (मिलकडे ऊस नेणारा पट्टा) रिकामी पडते आणि 'नो केन' म्हणून मिल उभी राहते. दोन्हीचा जाब शिफ्टवाल्याला द्यावा लागतो.

आता खाणीकडे. साठे इम्प्युअर, नॉर्मल आणि प्युअर अशा तीन प्रतींचे असतात आणि ते कधीच संपत नाहीत. त्यामुळे 'किती शिल्लक आहे' याची काळजी सोडा, मिनिटाला किती निघतं एवढंच बघा. पहिला, म्हणजे मार्क १ मायनर, इम्प्युअरमधून ३०, नॉर्मलमधून ६० आणि प्युअरमधून १२० नग काढतो. पण मार्क १ बेल्ट मिनिटाला ६० नगच वाहतो. म्हणजे प्युअर साठ्यावर मायनर बसवून साधा बेल्ट जोडला तर अर्धी खाण वाया. बेल्टची पुढची पायरी १२० ची, त्यापुढची २७० ची. सुरुवातीला हे तीनच आकडे डोक्यात ठेवले तरी पुरे.

आता पहिलं मोठं काम. स्पेस एलिव्हेटरच्या (ठरलेला माल वर पाठवायचा मनोरा) पहिल्या टप्प्याला ५० स्मार्ट प्लेटिंग द्यावी लागतात. हे आपलं पोतं. इथून मागे येऊ.

एक असेंब्लर (दोन माल जोडून एक करणारं यंत्र) मिनिटाला दोन स्मार्ट प्लेटिंग करतो, म्हणजे पन्नासला पंचवीस मिनिटं. त्याला मिनिटाला दोन रीइन्फोर्स्ड प्लेट आणि दोन रोटर लागतात. एका रीइन्फोर्स्ड प्लेटला सहा साध्या प्लेट आणि बारा स्क्रू. सहा प्लेटला नऊ इनगॉट (भट्टीतून निघणारी लोखंडाची वीट), बारा स्क्रूला तीन रॉड म्हणजे तीन इनगॉट. एकूण बारा. एका रोटरला पाच रॉड आणि पंचवीस स्क्रू. एका रॉडचे चार स्क्रू होतात, म्हणून सव्वासहा रॉड आणखी. एकूण सव्वाअकरा इनगॉट. दोन्हींची दुप्पट केली की २४ आणि २२.५, मिळून ४६.५. एका इनगॉटला एक नग कच्चं लोखंड. म्हणजे एका नॉर्मल साठ्याच्या ६० मध्ये सगळा पहिला टप्पा बसतो आणि साडेतेरा उरतात.

हा हिशेब मी कधी केला? दोन साठ्यांवर मायनर टाकून, रोटरचा असेंब्लर पूर्ण वेगाने चालवायचा हट्ट धरून, दोन रात्री घालवल्यावर. रोटरचा एक असेंब्लर मिनिटाला चार रोटर करू शकतो, त्याला शंभर स्क्रू लागतात. माझा बेल्ट साठचा. त्यामुळे रोटर मिनिटाला अडीचसुद्धा निघत नव्हते आणि मी स्क्रूची यंत्रं वाढवत बसलो होतो. चौथं यंत्र लावल्यावर भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, मशिनी मोजू नगा, त्यो बेल्ट बगा की." गंमत अशी की मला हवे होते मिनिटाला दोनच रोटर. त्याला पन्नास स्क्रू लागतात आणि ते साध्या बेल्टवरून आरामात जातात. माझी अडचण मीच तयार केलेली होती.

यातून दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या मते या खेळात तीच सगळ्यात कामाची. साखर कारखाना उसाच्या शेजारी का असतो? शंभर किलो उसातून साखर निघते अकरा-बारा किलो. सांगली-कोल्हापूरचा उतारा चांगला म्हणतात, तरी तेवढीच. वाहून न्यायचा बोजा आकसतो, म्हणून प्रक्रिया शेतापाशी. या खेळातही कोणता माल आकसतो आणि कोणता फुगतो ते बघा. तीन चुनखडीचं एक काँक्रीट होतं: ते खाणीपाशीच करा, चुनखडी वाहू नका. स्टीलला ४५ लोखंड आणि ४५ कोळसा घालून ४५ इनगॉट मिळतात, म्हणजे नव्वदाचे पंचेचाळीस: फाउंड्री (स्टीलची भट्टी) खाणींच्या बाजूला. स्क्रूचं उलटं. एका रॉडचे चार होतात. तांब्याची तारही तशीच, एका इनगॉटच्या दोन. हा फुगणारा माल, तो जिथे वापरायचा तिथेच करायचा. लांबून रॉड आणा, असेंब्लरच्या दारात स्क्रू करा. पुढेमागे चार रोटरांची गरज पडलीच, तरी १२० चा मार्क २ बेल्ट तेवढ्या शेवटच्या चार-पाच मीटरांनाच लागतो. हे महत्त्वाचं, कारण तो बेल्ट टाकायला रीइन्फोर्स्ड प्लेटच खर्ची पडते, आणि सुरुवातीला ती प्लेट साखरेच्या भावाने मिळत नाही.

मांडणी कशी करायची? एक सरळ नमुना सांगतो, तो जसाच्या तसा टाका. नॉर्मल साठ्यावर मायनर, ६० चा बेल्ट, स्प्लिटर (बेल्टवरचा माल वाटून देणारा जोड) लावून दोन स्मेल्टर. प्रत्येक स्मेल्टर ३० खातो. दोघांचा माल मर्जरने परत एका बेल्टवर घ्या, पुन्हा ६०. त्या बेल्टवर पहिला स्प्लिटर: अर्धा माल, म्हणजे ३०, प्लेटच्या पहिल्या कन्स्ट्रक्टरला. उरलेल्या ३० वर दुसरा स्प्लिटर: १५ रॉडच्या कन्स्ट्रक्टरला, १५ प्लेटच्या दुसऱ्या कन्स्ट्रक्टरला. रॉडचं यंत्र पंधराच खातं आणि पंधराच देतं, ते दोन स्क्रूच्या यंत्रांत वाटा. झाल्या ३० प्लेट आणि ६० स्क्रू. समोर एक असेंब्लर, मिनिटाला पाच रीइन्फोर्स्ड प्लेट. कुठे माल तुंबत नाही, कुठे कमी पडत नाही. विजेचा हिशेब: मायनर ५, दोन स्मेल्टर आणि पाच कन्स्ट्रक्टर प्रत्येकी ४, असेंब्लर १५, मिळून ४८ मेगावॅट. पाला जाळणारे ३० मेगावॅटचे दोन बर्नर पुरतात.

एकामागे एक स्प्लिटर लावायच्या या पद्धतीला खेळणारे मॅनिफोल्ड म्हणतात. आपण त्याला पाट म्हणू. डोक्याचा वाफा आधी भरतो, तो भरला की पाणी पुढच्याला जातं. सुरुवातीला शेवटची यंत्रं कोरडी बसलेली दिसतील, घाबरू नका, वरची यंत्रं आपापलं पोट भरत असतात. घाई असेल तर खिशातले इनगॉट हाताने त्यांच्यात टाका. पण एक अट आहे: पाटाला वरून येणारं पाणी सगळ्या वाफ्यांच्या तहानेएवढं हवं. पाच नगांनी जरी कमी पडलं तरी तो तोटा वाटला जात नाही, सगळा शेपटाच्या यंत्रावर पडतो. पाटाच्या शेवटी रान असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि हो, काँक्रीट मिळू लागलं की आधी फाउंडेशन टाका. आठ बाय आठ मीटरचा एक चौकोन, कन्स्ट्रक्टर रुंदीला बरोबर एकात बसतो. मी पहिला कारखाना उघड्या जमिनीवर, चढउतारावर बांधला. बेल्ट असे काही वळले की मंडळींनी बघून विचारलं, "हे काय, जिलेब्या तळताय?" दोन रांगांमध्ये निदान तीन चौकोन मोकळे सोडा. जागा जास्त वाटेल, नंतर कमीच पडते.

आता वीज. पाला गोळा करून कंटाळा आला की कोळशाकडे वळायचं. इथला नेहमीचा संच असा: आठ कोल जनरेटर, तीन वॉटर एक्स्ट्रॅक्टर (पाणी उपसणारे पंप). जनरेटर मिनिटाला १५ कोळसा जाळतो, ४५ घनमीटर पाणी पितो आणि ७५ मेगावॅट देतो. आठांना १२० कोळसा, ३६० पाणी. एक एक्स्ट्रॅक्टर १२० पाणी काढतो, म्हणून तीन. सहाशे मेगावॅटमधून पंपांचे साठ वजा करा, ५४० हातात. १२० कोळशाला एक प्युअर साठा किंवा दोन नॉर्मल, आणि बेल्ट मार्क २ चाच.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: साधी पाइप मिनिटाला ३०० घनमीटरच नेते. तिन्ही पंप एका टोकाला जोडले तर ६० पाणी अडतं आणि शेवटचा जनरेटर भुकभुक करत राहतो. पाइपच्या एका टोकाला दोन पंप आणि दुसऱ्या टोकाला एक लावा, काम होतं. उंचीचंही भान हवं. एक्स्ट्रॅक्टर पाणी दहा मीटरच चढवतो, पुढे दर वीस मीटरला पाइपवर वेगळा पंप लागतो. म्हैसाळचं पाणी जतकडे न्यायला टप्पे का करावे लागले ते ज्याने पाहिलंय, तो हे विसरणार नाही.

दुसरा खड्डा मोठा. भार जास्त झाला की फ्यूज उडतो आणि सगळं बंद. सगळं म्हणजे पाण्याचे पंपही आणि कोळशाचे मायनरही. आता पाण्याशिवाय वीज नाही आणि विजेशिवाय पाणी नाही. मी एका रात्री अकरा वेळा खटका वर केला, अकरा वेळा पडला. आणि मग स्वतःलाच शिव्या घातल्या, कारण ही गोष्ट मला कोणी सांगायची गरजच नव्हती. हंगाम सुरू करताना बॉयलर पेटवायला बगॅस (उसाचं चिपाड) लागतं, आणि बगॅस तर मिल चालल्यावर निघतं. म्हणून गेल्या हंगामाचं बगॅस राखून ठेवलेलं असतं. तसंच इथे करा: पाल्याचे चार बर्नर मोडू नका. तीन पंप ६० मेगावॅट खातात आणि कोळशाचे एक-दोन मायनर त्यावर पाच-दहा. एवढ्यांचीच तार वेगळी काढून त्या बर्नरांवर ठेवा, बाकी कारखान्याला जोडू नका. कारखाना झोपला तरी जनरेटर उभे राहतात.

वेग वाढवण्याबद्दल थोडंच. पॉवर शार्ड घालून यंत्र अडीचपट पळवता येतं, पण दुप्पट वेगाला वीज अडीचपट लागते. मी शार्ड मायनरवरच घालतो, कारण साठे मोजके असतात. कन्स्ट्रक्टर पळवण्यापेक्षा दुसरा लावावा, जागा फुकट आहे.

तेलापर्यंत पोचलात की मळीची आठवण ठेवा. रिफायनरी मिनिटाला ३० कच्च्या तेलातून २० प्लास्टिक देते आणि सोबत १० हेवी ऑइल रेसिड्यू (उरणारं जड तेल). या रेसिड्यूला वाट दिली नाही तर पाइप भरते आणि प्लास्टिकही थांबतं. आमच्याकडे मळीच्या टाक्या भरत आल्या आणि टँकर आले नाहीत, तेव्हा असाच सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मी रेसिड्यूचा पेट्रोलियम कोक करून ऑसम सिंकमध्ये (नको तो माल गिळणारं यंत्र) ढकलतो. भाचा म्हणतो त्याचं इंधन कर, जनरेटर चालव, फुकट जातंय. खरं आहे त्याचं. पण जनरेटर पुरेसे नसले की इंधन तुंबतं, इंधन तुंबलं की रेसिड्यू तुंबतं, आणि मग रात्री दीड वाजता प्लास्टिक का थांबलं ते शोधत मला पाइपलाइनवरून फिरावं लागतं. सिंक कधी भरत नाही.