ट्रॅव्हल फेलोशिप भरायची? आधी दीक्षाभूमीला एक चक्कर मारून या

दरवर्षी ज्युनिअर पोट्टे मेसेज करतात, भाऊ ट्रॅव्हल फेलोशिपला अप्लाय करून राह्यलो, कोणते देश टाकू. अबे, फिरून एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करायला पैसे देतात ते, देश नंतर, आधी प्रश्न तर शोध! मी पहिल्यांदा भरला तेव्हा २१ दिवसांत ११ शहरं कोंबली होती, वाचणाऱ्याला टूरवाल्याचं पॅम्प्लेट वाटलं असणार. रिजेक्ट झालं, आणि बरोबरच झालं.

प्रश्न घराजवळ सापडतो. आपल्या नागपुरात कामठी रोडवर गड्डीगोदामला उभे राहा, खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर फ्लायओव्हर आणि सगळ्यात वर मेट्रो. खालून गाड्या चालू असताना वर एवढं स्टील चढवलं कसं, हा स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगवाल्यांसाठी आयता विषय आहे. मी दुसऱ्या वेळी दीक्षाभूमी घेतली. सांचीचा स्तूप भरीव, आपला २००१ ला खुला झालेला स्तूप त्याच आकाराचा पण आतून पोकळ, मग भरीव आकार पोकळ केला की वजन जातं कुठे? आत मधोमध उभं राहून वर बघितलं आणि एका पानावर सेक्शन (उभा छेद) काढला, चुकीचाच होता पण प्रपोझलची सुरुवात तीच झाली. (दसऱ्याच्या आसपास या कामाला जाऊ नका, लाखो लोक येतात.)

मग ठिकाणं आपोआप गळतात. माझी तीनच उरली: सांची, रोमचं पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ आणि फ्लॉरेन्सचा कॅथेड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च. पँथिऑनचा घुमट साधारण ४३ मीटर व्यासाचा, काँक्रीटचा आणि आत सळई नाही, वर जाताना जाडी कमी होत जाते आणि काँक्रीटही हलकं होतं. फ्लॉरेन्सला ब्रुनेलेस्की या आर्किटेक्टने १४२० ते १४३६ मध्ये खालून लाकडी आधार न देता विटांचा दुहेरी घुमट उभा केला. प्रत्येक ठिकाणासमोर एक ओळ लिहा, इथे नेमकं काय मोजणार किंवा काय ड्रॉ करणार. ती ओळ सुचत नसेल तर ते शहर सरळ काटा.

भरायचं कुठे, तर आर्किटेक्चरवाल्यांसाठी रिबाची (RIBA, ब्रिटनमधली आर्किटेक्टांची संस्था) नॉर्मन फॉस्टर ट्रॅव्हलिंग स्कॉलरशिप आहे, ७,००० पौंड, एकालाच मिळते आणि विषय शहरांच्या भवितव्याशी जोडलेला लागतो, म्हणजे माझा घुमट तिथे चालला नसता. त्यात कॉलेज त्यांच्या यादीत लागतं, म्हणून आधी एचओडींना गाठा. स्ट्रक्चरवाल्यांनी लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सचा पाय लिन ली ट्रॅव्हल अवॉर्ड बघा, तो मेंबरांसाठी आहे आणि स्टुडंट मेंबरशिप फुकट असते. बाकी ठिकाणी एलिजिबिलिटीचं पान पहिले वाचा, कित्येक फेलोशिप विशिष्ट देशातल्या कॉलेजपुरत्याच असतात आणि हे आपल्याला सगळं लिहून झाल्यावर कळते.

बजेटमध्ये पोरं विमान आणि हॉटेल लिहितात आणि संपलं. व्हिसा फी, मुंबईला जायची वेळ आली तर तो खर्च, इन्शुरन्स (शेंगेनला, म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसाला, किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं), तिकडची लोकल ट्रेन, घुमटावर चढायचं तिकीट, प्रिंट, सगळं टाका. गोल आकडे नको, १,००,००० लिहिलं की अंदाजपंचे वाटते, ९६,४०० लिहिलं आणि खाली हिशोब दिला की विश्वास बसतो. पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा, पोलीस व्हेरिफिकेशन कधी अडकेल सांगता येत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, त्यामुळे तो शेवटच्या घाईवर ठेवू नका.

रेकमेंडेशन लेटर ज्या सरांनी तुमच्या शीट्सवर लाल पेन चालवलाय त्यांचंच घ्या, मोठ्या पदाच्या मागे लागू नका. महिनाभर आधी सांगा आणि सोबत प्रपोझलचं अर्धं पान द्या, नाहीतर "मेहनती व प्रामाणिक विद्यार्थी" एवढंच लिहून येते.

शेवटच्या रात्री अपलोड करू नका. माझी पीडीएफ ३८ एमबीची निघाली, लिमिट होती १०, आणि रात्री साडेअकराला धरमपेठेत उघडं सायबर कॅफे शोधत फिरत होतो.