लॉनमोअर ब्लेनी पाळताना: शेवाळ संपल्यावर काय?

खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं शेवाळ खायला ही ब्लेनी, म्हणजे एक छोटा समुद्री मासा, आणतात. दोन महिन्यांत काच स्वच्छ होते आणि मासा खंगत जातो. तिला साफसफाईचं यंत्र समजू नका.

सालारियास फॅसिआटस हे तिचं शास्त्रीय नाव. तांबड्या समुद्रापासून सामोआपर्यंत उथळ प्रवाळांत, दगडांच्या भेगांत ती राहते आणि 14 सेंमीपर्यंत वाढते. फणीसारख्या बारीक दातांनी ती दगडावरचा पातळ थर आणि गाळ खरवडून खाते. लांब, केसाळ शेवाळ मात्र ती फारसं संपवत नाही, तेव्हा त्यासाठी आणू नका.

टँक किमान 120 लिटरचा, सहाएक महिने चाललेला हवा. दगडांवर तपकिरी-हिरवी साय दिसली पाहिजे, अंग मावेल अशी दोन-चार भोकं हवीत. पाणी 25 अंश, घनता (खारटपणाचं माप) 1.025, अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून तयार होणारी विषं) शून्य. मे महिन्यात पाण्यावर पंखा सोडला की तापमान दोनेक अंशांनी उतरतं, पण बाष्पीभवन वाढतं. ती घट आरओच्या गोड्या पाण्यानेच भरा. वाफ होते पाण्याची, मीठ मागेच राहतं. झाकणाला जाळी लावा, ही उडी मारते.

विकत घेताना पोट बघा. आत गेलेलं असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. दूरवरून पार्सलने आली असेल तर तासभर टँकचं पाणी थेंबथेंब पिशवीत सोडत बसू नका: पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. तापमान सारखं करा, पिशवीतल्या घनतेचं पाणी आधीच तयार ठेवा आणि मासा लगेच त्यात घ्या.

खाण्याचं मुख्य काम इथून सुरू होतं. बिनमिठाच्या, न भाजलेल्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा) 5 सेंमीचा चौकोन रबरबँडने दगडाला बांधा. पाण्यात हलणारा तुकडा ती सुरुवातीला ओळखत नाही. उरलेला संध्याकाळी काढा, नाहीतर कुजतो. त्यापेक्षा खात्रीचं म्हणजे टँकमधून काढलेलं जुनं खारं पाणी बादलीत भरून चार-पाच दगड एअरस्टोनसह (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या तुकड्यासह) उन्हात ठेवणं. दगड हिरवे झाले की दर आठवड्याला एक टँकमध्ये, आधीचा परत बादलीत. पावसाळ्यात बादली झाका.

लहान टँकमध्ये दोन ब्लेनी ठेवल्या तर भांडतात. प्रवाळ किंवा शिंपल्याचं मांस टोचायला लागली तर बहुधा ती उपाशी असते, आधी नोरी वाढवून बघा.