खेळाडूवरचा माहितीपट: कॅमेरा कुठे लावायचा

पहिला माहितीपट दहा-बारा मिनिटांचाच करा आणि एकच खेळाडू निवडा. निवडताना एक प्रश्न विचारा: हा हरला तर काय बिघडेल? उत्तर फक्त ‘पदक हुकेल’ एवढंच असेल, तर गोष्ट अजून सापडलेली नाही. नोकरी, दुखापत, घरचा विरोध, वय, असं काहीतरी पणाला लागलेलं हवं.

सुरुवातीच्या भेटी कॅमेऱ्याशिवाय. मग लेखी संमती घ्या. खेळाडू अल्पवयीन असेल तर पालकांची सही लागतेच, पण त्या मुलाला किंवा मुलीलाही विचारा.

सामन्यात चेंडूमागे धावू नका, ते काम प्रक्षेपणाचे कॅमेरे करतात. तुमचा कॅमेरा राखीव खेळाडूंच्या बाकाकडे, प्रशिक्षकाकडे, प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे. खरा ऐवज मात्र सरावात मिळतो. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेम प्रकाश घेते तो वेळ) 1/50 सेकंद ठेवा. स्लो मोशनसाठी 100 फ्रेम घेताना 50 हर्ट्झ विजेवरच्या दिव्यांखाली शटर 1/100 ठेवा. 1/200 केलंत तर बऱ्याच दिव्यांत चित्र लुकलुकतं आणि ते संकलनात धड निघत नाही.

आवाजाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. लॅपल माइक, म्हणजे कपड्यांवर अडकवायचा छोटा माइक, खेळाडूला लावला की धापा आणि जर्सीची घासघासच ऐकू येते. तो प्रशिक्षकाला लावा, बोलतो तोच. साधं बोलणं रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे 18 डेसिबलच्या आसपास ठेवा, म्हणजे तो ओरडला तरी आवाज फाटणार नाही. प्रत्येक जागेचा मिनिटभर नुसता आवाज वेगळा घ्या, कट जोडताना तोच वाचवतो.

मुलाखत सामना संपल्या संपल्या नको, दुसऱ्या दिवशी घ्या. ‘काय वाटलं?’ विचारलं की ‘खूप आनंद झाला’ एवढंच मिळतं. ‘बूट काढताना शेजारी कोण बसलं होतं?’ असं विचारा. तुमचा प्रश्न कापला जाणार, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात द्यायला सांगा. उत्तर संपलं तरी पाचेक सेकंद गप्प राहा. कॅमेरा चालूच. पुष्कळदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते.

सामन्याचं जुनं फुटेज वापरायचं असेल, तर हक्क कोणाकडे आहेत ते संकलनाआधीच शोधा: प्रक्षेपण वाहिनी की क्रीडा संघटना? दर बहुधा लांबी, देश आणि मुदत यांवर ठरतो. समालोचनाच्या आवाजाचेही हक्क असतात. लेखी भाव हातात येईपर्यंत त्या दृश्यावर शेवट बांधू नका. परवानगी नाकारली गेली, तर अख्खं संकलन उसवावं लागतं.