पोटात एक, घरात एक आणि बाहेर ४५ अंश: या चुका टाळा

विदर्भातल्या शाळा उघडता उघडता जून संपायला येतो. तोवर सातवा महिना आणि तीन वर्षांचं पोर नागपूरच्या उन्हात एकत्र सांभाळायचं, तर अर्धा खेळ वेळेचा असतो. पहिली चूक तिथेच होते.

ती म्हणजे संध्याकाळी पाचला बागेत नेणं. ऊन कललेलं दिसतं, पण भिंती, फरश्या आणि डांबर आग ओकतच असतात. पत्र्याच्या घसरगुंडीवर आधी स्वतःचा हात ठेवून बघा. तो टिकला नाही, तर लेकराच्या मांड्या काय टिकणार? मे महिन्यात बाहेरची वेळ एकच, सकाळी साडेसातच्या आत. बाग जवळ नसेल तर गच्ची आहेच. रंगकामाचा जुना ब्रश आणि डबाभर पाणी द्या आणि फरशीवर हत्ती काढायला सांगा. शेपटी काढून होईस्तोवर सोंड वाळलेली असते, की पुन्हा सोंड! तुम्ही सावलीत खुर्ची टाकून बसा.

दुसरी चूक, दिवसभर आपणच सवंगडी होणं. पकडापकडी, घोडा घोडा, कडेवर घेऊन नाच हे आता बाबा घरी आल्यावर. दुपारी असे खेळ काढा ज्यात आईला आडवंच राहावं लागतं. ‘दवाखाना’ सर्वात उत्तम. पेशंट तुम्ही, डॉक्टर तो. पट्ट्या बांधेल, चमच्याने औषध पाजेल. पाणीही तेवढंच पोटात जाईल. शेवटच्या महिन्यांत पाठीवर उताणं न झोपता डाव्या कुशीवर पडा. खेळायला दाणे, हरभरे, चिंचोके मात्र देऊ नका, या वयात ते श्वासनलिकेत अडकतात. वाट्या, चमचे, बटाटे द्या. मोबाईलचं म्हणाल तर या वयाला दिवसाला तासाभराची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे. तो तास तुमच्या दुपारच्या झोपेसाठी वापरू नका. जागं मोठं माणूस कुणी नसेल, तर त्याच्यासोबतच झोपा.

टबात बसवून ‘जरा गॅसकडे बघून येते’ म्हणणं. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि तेही आवाज न करता. उठायचंच असेल तर आधी मूल बाहेर, मग टब रिकामा. भरलेला टब उचलू नका, मगाने उपसा.

कूलर लावून खिडक्या-दारं गच्च बंद करणं. खोली चिकट होते, पोर किरकिरतं आणि दोष मात्र त्याच्या हट्टाला. कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, दमट हवा बाहेर जाऊ द्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विदर्भात कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात जीव जातात. अर्थिंग तपासून घ्या आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. मुलाचा हात कूलरपर्यंत पोचू देऊ नका. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायला सांगा, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच पाळल्यासारखं होईल.

लेकरासोबत आपणही गोळा खाणं. बर्फ कुठल्या पाण्याचा, ते गाडीवाल्यालाही ठाऊक नसतं. दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. घरी उकळून गार केलेल्या पाण्याचं पन्हं साच्यात गोठवा, दोघांचीही हौस भागेल. साखरेचा त्रास असेल तर तुमच्यापुरतं ताकच बरं. लू लागू नये म्हणून आजी खिशात कांदा ठेवायला सांगतील. ठेवा, पण पाण्याची बाटली विसरू नका.

फारच कोंडल्यासारखं झालं तर मेट्रो आहे. गाडी थंडगार असते, स्टेशनवर लिफ्ट आहे, आणि खिडकीतून शहर पळताना बघायला मुलं एका पायावर तयार असतात. फक्त स्टेशनपर्यंत भर दुपारी चालत जाऊ नका.

आता बिघाड ओळखायचा कसा? लघवी गडद पिवळी झाली, डोकं जड झालं किंवा पोट कडक होऊ लागलं, की खेळ तिथेच थांबवा, पाणी प्या आणि कुशीवर पडा. आराम करूनही पोट आवळत राहिलं, बाळाची हालचाल कमी वाटली, पाणी किंवा रक्त गेलं, तर संध्याकाळच्या ओपीडीची वाट न बघता दवाखाना गाठा. मोठ्या लेकराचंही तसंच. सहा-आठ तास शू नाही, अंग तापलेलं आणि पोर निपचित, म्हणजे ते ‘आज शहाण्यासारखं खेळतंय’ असं समजू नका. ओलं फडकं अंगावर फिरवत लगेच निघा.